आत्याबाई गाणं विसरल्या नाहीत



दर अंकात आपण आरोग्याचा एक पाठ घेतो. दशसूत्रीत आरोग्य आहे म्हणून घेतो, पण खरं सांगायचं तर त्यात बहुतेक वेळा रक्त वाढवा, बीपी तपासा एवढंच येतं. या वेळचा विषय मला दवाखान्यात नाही, एका गटाच्या हजेरी वहीत सापडला.

झालं असं. आपल्याच प्रभागातल्या एका गटात एक ताई सलग तीन आठवडे गैरहजर. नियमाप्रमाणे दर वेळी दहा रुपये दंड. चौथ्या आठवड्यात त्यांनी सीआरपी ताईंकडे निरोप धाडला, "माझं नाव कमी करा, बचत परत द्या." शेळ्यांच्या कर्जाचे पाच हप्ते बाकी होते. बैठकीत कुजबुज सुरू झाली की हप्ता चुकवायला निघाली. एक जण मात्र हळूच म्हणाली, "मॅडम, त्यांच्या सासूला म्हातारचळ लागलाय. घर सोडून कशी येईल ती?"

मी दुसऱ्या दिवशी घरी गेले. आजी दारातच भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत एक लुगडं आणि रिकामा डबा. मला म्हणाल्या, "ए पोरी, मला घरी सोड की. सांज व्हायला लागली." त्या स्वतःच्याच दारात उभ्या होत्या. पन्नास वर्षं त्या घरात राहिलेल्या. सून आतून पळत आली, केस विस्कटलेले, एका हाताला पीठ. ती सासूला आत्याबाई म्हणते. "आत्याबाई, हेच घर हाय आपलं," असं तिनं सांगितलं, आणि आजींनी तिच्या हाताला जोरात हिसका दिला. असं दिवसातून वीस वेळा होतं, ती म्हणाली. रात्री उठून कडी काढतात. आंघोळीला नेलं की ओरडतात, गावाला वाटतं सून मारतेय. देवऋषाकडे दोनदा नेऊन झालं, अंगारा झाला, दोन हजार गेले.

याला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतील. हा मेंदूचा आजार आहे. बाहेरचं काही नाही, करणी नाही, आणि सुनेला छळायचं म्हणून केलेलं सोंगही नाही. चष्मा कुठं ठेवला हे आपण सगळेच विसरतो. चष्मा कशाला असतो तेच कळेनासं होणं, रोजची भाकरी करायची कशी ते हात विसरणं, स्वतःच्या लेकाला "तुम्ही कोण पाव्हणं?" विचारणं, हे वेगळं. २०२३ साली आपल्या देशाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा अंदाज असा की साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सातपेक्षा थोड्या जास्त जणांना हा आजार आहे, देशात मिळून सुमारे ८८ लाख. शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. म्हणजे ज्या गावात साठीच्या पुढची दोनशे माणसं आहेत, तिथं चौदा-पंधरा घरांत हे चाललेलं असू शकतं. पण बोलतं कोण?

आधी दवाखान्याचं सांगते, मग गाण्याकडे येते. विसरणं हळूहळू, महिन्या-महिन्यानं वाढत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवायचंच. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा खोल उदासपणा यानेसुद्धा माणूस विसरभोळं होतं, आणि त्याला उपचार आहेत. पण कालपर्यंत बरा असलेला म्हातारा माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, गुंगीत गेला, तर थांबू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर खाली-वर होणं, नवीन गोळी न मानवणं, काहीही असू शकतं. अशा वेळी गाणी लावत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता माझी चूक. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की या आजारात संगीताचा उपयोग होतो. मी मोठ्या उत्साहात पुढच्या भेटीत मोबाईलला जोडायचा छोटा स्पीकर घेऊन गेले. म्हाताऱ्या आजी, वारकरी घर, म्हणून भक्तिगीत लावलं. ते निघालं ढोल-ताशाचं नवं रूप, आवाज फुल. आजींनी कान झाकले. मी दुसरं शोधते तोवर मध्येच जाहिरात आली, एक पुरुष हिंदीत कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून ओरडतोय. आजींनी हातातला पाण्याचा पेला फेकून मारला. स्पीकर वाचला, माझी ओढणी भिजली. सून म्हणाली, "राहू द्या मॅडम, आमचं आम्ही बघतो." तेव्हा मला फार लागलं, पण ती बरोबर होती. मी आजींना काय आवडतं हे विचारलंच नव्हतं. मला जे म्हाताऱ्या माणसाचं वाटलं ते मी लावलं.

त्यानंतर दोन आठवडे मी नुसती जाऊन बसायचे. एका दुपारी सून जात्यावर हुलगे भरडत होती. पीठ गिरणीतनं येतं, पण भरडायला जातं अजून आहे त्यांच्याकडे. घरघर सुरू झाली आणि कोपऱ्यात बसलेल्या आजी सरकत सरकत पुढं आल्या. समोर बसल्या. खुंट्याला हात घातला. दोन फेरे गप्प गेले. तिसऱ्या फेऱ्याला आवाज निघाला, बारीक, कापरा, पण सुरात. ओवी होती. माहेरच्या वाटेची, भावाची. एक झाली, दुसरी झाली, मग विठ्ठलाची. ज्या बाईला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं, तिनं सात-आठ ओव्या न अडखळता म्हटल्या. सुनेचा हात जात्यावरच थांबला, तर आजी म्हणाल्या, "वढ की गं."

असं का होतं? कणगीचं उदाहरण घ्या. वरून घातलेलं नवं धान्य आधी संपतं, तळाचं शेवटपर्यंत राहतं. या आजारात मेंदूचा जो भाग नव्या गोष्टी साठवतो तो लवकर बिघडतो, म्हणून सकाळचा चहा प्यालेला आठवत नाही. पण लहानपणी आणि तरुणपणी शंभरदा म्हटलेलं, अंगात मुरलेलं, हाताच्या हालचालीशी बांधलेलं गाणं मेंदूत एका ठिकाणी नसतं, अनेक ठिकाणी पसरलेलं असतं. ते उशिरापर्यंत टिकतं. त्यात आपल्या आज्यांची गाणी तर कामाला जोडलेलीच आहेत. दळताना ओवी, हादग्याला फेर, बाळाला जोजवताना अंगाई, सुगीला भलरी. हात हलला की तोंड हलतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एवढी संपत्ती बायकांच्या डोक्यात होती, कुठल्याही वहीत नव्हती. आपल्याही घरात ती आहे, फक्त गिरणी आल्यापासून कोणी मागितली नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे माणसाचं गाणं शोधणं. साधारण दहा ते पंचवीस वयातलं गाणं सगळ्यांत घट्ट बसलेलं असतं. १९४८ साली जन्मलेल्या आजींचा हिशेब करा. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, १९७२ साली 'पिंजरा' आला तेव्हा चोवीस. तंबूतल्या टॉकीजला गेल्या होत्या का? घरात रेडिओ होता का? लग्न होऊन कुठनं आल्या? माहेरची गाणी सासरच्या गावाला ठाऊक नसतात, तेव्हा त्यांच्या भावाला, बहिणीला, भाचीला फोन करा. शेजारच्या त्यांच्या वयाच्या बाईला विचारा, ती लगेच सांगेल.

आणि कृपा करून म्हातारं माणूस म्हणजे भजन असं धरू नका. दुसऱ्या एका गावात एक आजोबा आहेत. मुंबईच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी आले. आता हा आजार. घरच्यांनी दिवसभर हरिपाठ लावून ठेवलेला, आणि आजोबा दिवसभर चिडलेले. त्यांच्या थोरल्या बहिणीनं सांगितलं, "त्यो कधी देवळात गेला व्हय? त्याला शाहिरी लागायची." अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्या शाहिरीच्या जुन्या ध्वनिफिती नातवानं मोबाईलवर शोधल्या. पहिल्याच दिवशी आजोबांनी मांडीवर डफ धरल्यासारखा ठेका धरला. बोलले काहीच नाहीत. पण त्या संध्याकाळी जेवण न भांडता झालं. कुणाच्या घरी वामनदादा कर्डकांची भीमगीतं असतील, कुणाच्या घरी कव्वाली, कुणाच्या घरी तारपा. विदर्भातून इकडं नांदायला आलेल्या आपल्या दोन-तीन ताई आहेत, त्यांच्या आयांना खंजिरीवरचं भजन लागेल. ज्याचं त्याला.

गाणं लावायचं कधी, हे मी सुनेकडूनच शिकले. तिला आधीच माहीत होतं की आजी तिन्हीसांजेला जास्त बिघडतात. उजेड कमी झाला की या आजारात पुष्कळांची घालमेल वाढते, घरी जायचंय चा धोशा तेव्हाच असतो. तिनं काय केलं, पिशवी हातात घ्यायच्या अर्धा तास आधी, साडेचारला, जातं मांडायला सुरुवात केली. भरडायला काही नसलं तरी मूठभर जोंधळे टाकायचे, तेच पीठ कोंबड्यांना. पंधरा-वीस मिनिटं. लाईट आधीच लावून ठेवायची. बेचैनी सुरू झाल्यावर गाणं लावलं तर ते त्या गोंधळात अजून एक आवाज होतं, आधी लावलं तर कामाला येतं.

आंघोळीला जातं नेता येत नाही. तिथं ती स्वतः गुणगुणते, एकच गौळण, रोज तीच. पाण्याचा पहिला तांब्या पायावर, गौळण सुरू, मग हातावर, मग खांद्यावर. डोक्यावर एकदम पाणी नाही. "माझा आवाज घोगरा हाय मॅडम," ती लाजली होती. ध्वनिफितीपेक्षा ओळखीचा घोगरा आवाज चांगला. गाणारी बाई समोर असते, थांबते, डोळ्यात बघते, त्यांच्या चालीनं हळू होते. मशीन थांबत नाही.

तरी मोबाईल लागतोच, सारखं गायला कुणाला वेळ आहे? फक्त इंटरनेटवरून थेट लावू नका, जाहिराती मध्ये येतात आणि माझ्या पेल्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळतात, साध्या बटणाच्या फोनमध्येही चालतात. टीव्ही आधी बंद करायचा. एका वेळी एकच आवाज. आवाज बेताचा, ऐकू कमी येत असेल तर जवळ ठेवायचा, वाढवायचा नाही. आणि कान एकदा तपासून घ्या. मळाचा बोळा बसलेला असतो आणि आपण म्हणतो म्हातारी कुणाचं ऐकत नाही. तासन् तास चालू ठेवू नका, अर्धा तास खूप झाला. दिवसभर वाजणाऱ्या गाण्याकडे आपणसुद्धा लक्ष देत नाही.

लक्ष मात्र आपण त्यांच्याकडे द्यायचं. पायाचा अंगठा हलतोय, बोटं ठेका धरतायत, कपाळाची आठी गेली, ओठ हलले, म्हणजे लागू पडलं. मूठ आवळली, मान फिरवली, उठायला लागल्या, तर बंद. रडू आलं तर लगेच घाबरू नका, जवळ बसा, हात धरा. काही रडणं मोकळं करणारं असतं. पण एक अंगाई लागली की आजी हुंदके देऊन थांबायच्याच नाहीत. नंतर कळलं, त्यांचं पहिलं मूल सव्वा वर्षाचं होऊन गेलं होतं. सुनेलाही ते माहीत नव्हतं. ते गाणं आम्ही कायमचं बाजूला ठेवलं.

दोन गोष्टी करू नका, ज्या घरोघरी चालतात. परीक्षा घेऊ नका. "आजी, सांगा बघू हे कोणतं गाणं? कोण गायलंय?" पाव्हण्यांसमोर तर मुळीच नाही. त्यांना सांगता येत नाही आणि आपल्याला येत नाही हे तेवढं त्यांना कळतं. आणि शब्द चुकले तर सुधारू नका. ओवीत लेकाच्या जागी भावाचं नाव आलं तर येऊ द्या.

खोटी आशाही नको. गाण्यानं हा आजार बरा होत नाही, गेलेली आठवण परत येत नाही, आजाराचा वेगही त्यानं थांबत नाही. जगभरातले अनेक प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्यांनी म्हटलंय की संगीतानं उदासपणा आणि वागण्यातल्या अडचणी कमी व्हायला मदत होते, पण स्मरणशक्तीवर फारसा फरक दिसत नाही, मारकुटेपणावरही नाही. आमचाही अनुभव तसाच. आजींनी ओवी म्हटली त्या संध्याकाळी सुनेला वाटलं, आता सुधारणार. रात्री दोन वाजता आजींनी परत कडी काढली. दुसऱ्या दिवशी फोनवर ती रडत होती आणि माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून गाणी, असं तर अजिबात करू नका. आणि शांत बसावं म्हणून दुकानातून झोपेची गोळी आणूनही देऊ नका. म्हातारं माणूस त्यानं पडतं, खुबा मोडतो.

आता गटाचं. माझ्या पुस्तकांत 'काळजीवाहक' असा छान शब्द होता. गावात त्याचा अर्थ बहुतेक वेळा सून. या घरात मुलगा आहे, चांगला आहे, भजनी मंडळात मृदंग वाजवतो. एकादशीला रात्रभर जागतो. मी त्यांना विचारलं, "दादा, आईपाशी कधी वाजवलाय?" ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं रागावले, आता या घराचं दार बंद. पुढच्या गुरुवारी त्यांनी मृदंग ओसरीवर काढला. मग मंडळातले दोघं आले. आता गुरुवारचा हरिपाठ देवळात झाला की शेवटचा अर्धा तास त्यांच्या ओसरीवर असतो, हळू आवाजात, एकच टाळ. त्या अर्ध्या तासात सून आत जाऊन झोपते. ऐकत बसत नाही, झोपते. मला ते फार आवडलं.

गटानं बैठक बोलावली तेव्हा वाद झाला, तो लपवत नाही. "एकीला दंड माफ केला तर उद्या दहा जणी कारण सांगतील," अध्यक्ष ताई म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गट नियमावरच चालतो. शेवटी दंड माफ झालाच नाही, तीस रुपये भरून घेतले. पण बैठकीची जागा बदलली. मंगळवारी चार वाजता समाजमंदिराऐवजी त्यांच्या ओसरीवर. म्हणजे गैरहजेरीचा प्रश्नच आला नाही. आजी मध्ये बसतात. हिशेब चालू असताना एक जण त्यांच्याशेजारी बसते, पाळीपाळीनं. बैठक संपली की एक-दोन ओव्या. पन्नाशीच्या दोन ताईंना आईच्या ओव्या येतात हे आम्हाला तेव्हाच कळलं. सुनेनं नाव काढलं नाही. पाचापैकी तीन हप्ते फिटले, एक उशिरा.

हे सगळं सात महिन्यांपूर्वी सुरू झालं. आजी आता पूर्वीइतक्या गात नाहीत. शब्द गेले, नुसती चाल राहिली, काही दिवशी तीही नाही. खुंट्यावर हात ठेवला की मात्र तो अजून फिरतो. दार उघडून जाण्याची भीती आहेच. म्हणून कडी वर बसवून घेतली, लुगड्याच्या पदराला आतून गाव आणि फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवली, आणि चौकातल्या किराणावाल्याला सांगून ठेवलंय. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, एल्डरलाईन, नंबर १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. आशा ताईंनाही सांगून ठेवा.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक कागद आणायचा आहे. घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाचं नाव, माहेर किंवा मूळ गाव, आणि त्यांची आवडती दहा गाणी. ओवी, आरती, सिनेमा, तमाशा, काहीही. नावडतं आणि दुखणारं गाणं असेल तर तेही खाली लिहा. आजार नसला तरी लिहा, आज ते स्वतः सांगू शकतात. विचारायला बसलात की एक-दोन म्हणायला लावा आणि मोबाईलवर आवाज भरून ठेवा. शक्य तर नातवंडांना कामाला लावा.

मी माझ्या आईपासून सुरुवात केली. तिची यादी तिसऱ्या गाण्यावर अडली, कारण चौथं सांगायच्या आधी तिला ते पूर्ण म्हणून दाखवायचं होतं, आणि मग दूध उतू गेलं. उरलेली सात या रविवारी घेणार आहे.

— तुमची क्षेत्र समन्वयक